थ्रू प्रॉपर चॅनल

चिंचगुडा, ता. किनवट
१२ जुलै २०२४

ती. नरसिंगमामांस,
लुंबिनीचा सविनय जयभीम.

इथं मोबाईलला रेंज नाही, आणि तुम्हाला मोबाईलवरचं वाचायला कमीपणा वाटतो, म्हणून पत्र लिहून राहिले. काम आहे. तुम्ही छत्तीस वर्षं सरकारी कार्यालयात काढली, कार्यालय अधीक्षक म्हणून रिटायर झालात. अर्ज कसा लिहावा हे आपल्या नात्यागोत्यात तुमच्याएवढं कुणाला कळत नाही. हे तुम्हीच दर लग्नात सांगता, म्हणून तुम्हालाच विचारते.

मी इथल्या निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होऊन दोन वर्षं झाली. एकसष्ट मुली आहेत आणि आठ न्हाणीघरं. आठही न्हाणीघरांना चौकटी आहेत, पण दार एकालाही नाही. मी आले तेव्हा पोत्यांचे पडदे होते, आजही पोतीच आहेत, आणि वारं सुटलं की ती उडतात. मागून गावाची पायवाट जाते. मोठ्या मुली उजाडायच्या आत अंग धुऊन घेतात, नाहीतर चार चार दिवस धूतच नाहीत. पाळी आली की घरी निघून जातात. घरी गेलेली मुलगी परत येईलच ह्याचा इथं काही भरवसा नाही.

मुख्याध्यापक शिवशंकर सरांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ते म्हणतात, जंगलातल्या पोरी हायत बाई, त्यांना कशाला लागतात दारं. म्हणून मी शाळा उघडल्या उघडल्या थेट प्रकल्प अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला आणि पोस्टानं पाठवला. वरती ठळक अक्षरात "थ्रू प्रॉपर चॅनल" लिहिलं, आमच्याकडं सगळेच लिहितात. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर एकच ओळ आहे, "योग्य मार्गाने सादर करावा." मामा, तेच तर मी वर लिहिलं होतं. मग परत कशाला आला?

अर्ज सोबत जोडला आहे. चूक कुठं झाली तेवढं सांगा. आई बिलोलीला बरी आहे. नागुमामींना जयभीम.

तुमची,
लुंबिनी

———

औसा रोड, लातूर
२० जुलै २०२४
आवक क्र. ७ (तुझे पत्र दि. १२ जुलै, प्राप्त १९ जुलै)

चि. लुंबिनीस,
अनेक मंगल कामना.

अर्ज वाचला. वाचला म्हणजे वरची ओळ वाचली. पुढं वाचायची गरजच पडली नाही.

बी.ए., बी.एड. झालेली माझी भाची, सरकारी पगार खाणारी, आणि तिला थ्रू प्रॉपर चॅनल म्हणजे काय हे ठाऊक नाही. बायका कपाळाला टिकली लावतात तसं तू ते अर्जाला लावलंस. बरं दिसतं म्हणून. अग, त्या तीन शब्दांचा अर्थ असा आहे की हा कागद मी माझ्या वरच्या माणसाच्या हातात दिला, त्यानं तो वाचला, आणि आपल्या सही-शिक्क्यानिशी पुढं पाठवला. तुझ्या अर्जावर कुणाची सही आहे? पोस्टमनची? म्हणजे तू पहिल्याच ओळीत लेखी खोटं बोललीस, आणि मला विचारतेस परत कशाला आला. मी त्या टेबलावर असतो तर नुसता परत केला नसता, तुला खुलासा मागितला असता.

"सगळेच लिहितात" हे तुझं उत्तर तर माझ्या डोक्यातच गेलं. सगळे म्हणजे कोण? आमच्या विहाराच्या कमिटीनं यंदा बुद्धपौर्णिमेच्या आमंत्रणपत्रिकेवर थ्रू प्रॉपर चॅनल छापलं. मी अध्यक्षाला विचारलं, तथागतांच्या कोणत्या वरिष्ठाची सही घेतली तुम्ही? तो म्हणतो, इंग्रजी हाय साहेब, जरा वजन पडतं. असल्या लोकांचं बघून तू अर्ज लिहिणार असशील तर तुझ्या शिक्षणावर माती पडली असं मी समजतो.

नियम म्हणजे काय ते तुझ्या घरातूनच सांगतो. १९९८ साली मी नांदेडला एका कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर होतो. तुझी आई तेव्हा तुझ्याच किनवट भागात आरोग्यसेविका होती. तू चार वर्षांची. तिनं बदलीचा अर्ज परस्पर पाठवला आणि तो नेमका माझ्या टेबलावर आला. सख्खी धाकटी बहीण. मी वर बघितलं, तर मार्फत म्हणून कुणाचं नाव नाही, सही नाही. लाल शाईनं शेरा मारला, "थ्रू प्रॉपर चॅनल नाही, सबब परत", आणि दुसऱ्या दिवशीच्या टपालात टाकला. सगळं ऑफिस बघत राहिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, म्हणाले, माणूस असावा तर असा.

आणि तुझ्या आईनं काय केलं? बाकायदा अर्ज परत लिहायचा सोडून तीन महिन्यांत पर्मनंट नोकरीचा राजीनामा दिला आणि बिलोलीला जाऊन बसली. कशासाठी, तर भावानं कागद परत केला म्हणून. सव्वीस वर्षं झाली, माझ्याशी धड बोलत नाही. रागाच्या भरात सरकारी नोकरी लाथाडणारी दुसरी बाई मी आयुष्यात पाहिली नाही. तू तिच्या वळणावर जाऊ नकोस.

करायचं ते असं. अर्ज नव्यानं लिही. वर प्रकल्प अधिकारी, खाली "मार्फत, मुख्याध्यापक". तो मुख्याध्यापकांच्या हातात दे. इतकं सोपं आहे.

नरसिंग सोनकांबळे
से. नि. कार्यालय अधीक्षक

———

चिंचगुडा
९ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
जयभीम.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण तुम्ही सांगितलं तसंच केलं. अर्ज नव्यानं लिहिला, "मार्फत, मुख्याध्यापक" लिहिलं आणि शिवशंकर सरांच्या हातात दिला.

त्यांनी तो स्टाफरूममध्ये सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. न्हाणीघराचं आलं तिथं थांबून चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. दोन सर हसले. बाकीचे खाली बघून वह्या तपासून राहिले होते, कागद उलटत नव्हते एवढंच. मग सरांनी अर्जाची घडी घातली, टेबलाच्या खणात टाकली आणि किल्ली खिशात घातली. म्हणाले, आला बघा बाई तुमचा अर्ज प्रॉपर चॅनलला. त्याला आता दोन आठवडे होत आले.

मध्ये एक झालं. आठवीतली सुकन्या आत असताना वाऱ्यानं पोतं उडालं. पायवाटेवर दोन माणसं उभी होती. रविवारी बाप भेटायला आला, तिनं पेटी उचलली आणि त्याच्या मागं निघाली. मी फाटकापर्यंत गेले. बापाला म्हणाले, हुशार पोरगी आहे, नेऊ नका. तो म्हणाला, बाई, तुमच्या शाळेपरीस आमच्या झोपडीला ताटी तरी हाय. तिच्यामागं दोन गेल्या. आता अठ्ठावन्न आहेत.

मामा, मला एक सरळ सांगा. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याच हातातून तक्रार पुढं जायची असेल, तर ती जायची कशी? ह्यावर तुमच्या नियमात काहीतरी असेलच. छत्तीस वर्षांत असा एक तरी अर्ज तुमच्यासमोर आला असेल.

लुंबिनी

———

लातूर
१७ ऑगस्ट २०२४
आवक क्र. ९

चि. लुंबिनीस,
मंगल कामना.

म्हणजे अर्जाचा विषय न्हाणीघराची दारं असा आहे तर. तुझ्या पहिल्या पत्रात होतं खरं, माझ्या ध्यानात राहिलं नाही.

तू अर्ज दिलास आणि पोच घेतलीस का? नाही घेतलीस. मला माहीतच होतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्यायची असते, हे आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा जाणत होता. पोच नाही म्हणजे तू अर्ज दिलाच नाहीस. तो खणात आहे हे तू म्हणतेस, कागद म्हणत नाही. आता दुसरी प्रत लिही, पोच घे, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र एक, मग पंधरा दिवसांनी स्मरणपत्र दोन, मग तीन. कागद असाच चालतो. तुम्हा आजकालच्या पोरांना बटण दाबलं की दार लागायला पाहिजे.

तू विचारतेस, ज्याच्याविषयी तक्रार त्याच्याच मार्फत कशी द्यायची. असले प्रश्न ज्यांना काम करायचं नसतं ते विचारतात. प्रत्येक कारकुनाला वाटतं आपला साहेब वाईट. सगळ्यांचं ऐकलं असतं तर वरच्या साहेबाच्या टेबलावर नुसत्या चहाड्यांचा ढीग पडला असता. चॅनल म्हणजे चॅनल. माझ्यासमोर असे अर्ज शेकड्यानं आले आणि मी शेकड्यानं परत केले. एकानंही उलटून मला विचारलं नाही, तू पहिली.

पोरी जातात त्याचं वाईट वाटतं. पण त्याचा नियमाशी संबंध नाही. तुझी मामी म्हणून राहिली की मी मुलीला फार लागेल असं लिहितो. तिला काय कळतं.

नरसिंग सोनकांबळे

———

बिलोली
६ सप्टेंबर २०२४

प्रति,
श्री. नरसिंग सोनकांबळे,
सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षक, लातूर.

थ्रू प्रॉपर चॅनल

विषय: श्रीमती विशाखा, तत्कालीन आरोग्यसेविका, यांचा दि. ११ ऑगस्ट १९९८ चा अर्ज.

मामा, ह्या वेळी मी तीन शब्द बरोबर वापरलेत. खाली मधल्या माणसाची, म्हणजे माझी, सही आहे, आणि मधल्या माणसानं अर्ज शेवटपर्यंत वाचलेला आहे.

कसं झालं ते सांगते. तुमच्या सांगण्यावरून मी दुसरी प्रत घेऊन पोच मागायला गेले. सरांनी पोच दिली नाही, उलट दुसऱ्या दिवशी मलाच कारणे दाखवा नोटीस दिली. मुलींना भडकवते, शाळेची बदनामी करते. पोळ्याच्या सुट्टीला बिलोलीला आले. आईला मी आजवर ह्यातलं काही सांगितलं नव्हतं, तिचा जीव नको टांगणीला म्हणून. ह्या वेळी सगळं सांगितलं, तुमची दोन्ही पत्रंही वाचून दाखवली. "रागाच्या भरात सरकारी नोकरी लाथाडणारी" ह्या ओळीला आले तेव्हा तिनं शिवणाचं मशीन थांबवलं. आत गेली, लोखंडी पेटी उघडली आणि तळातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. कडा पिवळ्या पडल्यात. तुमची लाल शाई मात्र जशीच्या तशी आहे.

मी लहानपणापासून तुमच्या तोंडून ही गोष्ट ऐकत आले. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला. सख्ख्या बहिणीचा अर्ज परत केला, साहेबांनी पाठ थोपटली. अर्जात काय होतं हे तुम्ही कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, सांगण्यासारखं नसेल. आता कळलं, तुम्हाला ते माहीतच नाही. दोन पानांचा अर्ज आहे आणि तुमच्या शेऱ्याची शाई पहिल्या पानाच्या वरच्या चार बोटांत आहे. दुसरं पान तुम्ही उलटलंच नाही.

आता उलटा. त्यात लिहिलंय की दवाखान्याच्या क्वार्टरच्या दाराला आतून कडी नाही. तीनदा मागितली. डॉक्टरसाहेब म्हणतात, तुला कशाला पाहिजे कडी, आम्ही हावोत की. लिहिलंय की नवरा हैदराबादला कामाला आहे, घरात मी आणि चार वर्षांची मुलगी, आणि साहेब ड्युटीच्या नावाखाली केव्हाही येऊन दार लोटतात. लिहिलंय की मी दाराला पाटा लावून बसते. शेवटून तिसरी ओळ मी तुमच्यासाठी इथं उतरवते, कारण तुम्हाला वरूनच वाचायची सवय आहे: "हा अर्ज माझ्या साहेबांमार्फत देता येत नाही, कारण तो त्यांच्याविषयी आहे, तरी कृपा करून पूर्ण वाचावा."

मी आईला विचारलं, तू मामांना जाऊन का नाही सांगितलंस. ती म्हणाली, असलं भावाला तोंडानं सांगवतं का. म्हणून कागदावर लिहिलं. टेबलावर दादा हाय, तो वाचंल, म्हणून बिनघोर होते.

तुम्ही परत केलेला अर्ज तिच्या हाती थेट आला नाही, मामा. तुम्ही तो नियमाप्रमाणे तिच्या साहेबाच्या पत्त्यावर पाठवला. प्रॉपर चॅनलनं. त्यानं तो आधी वाचला आणि मग तिला बोलावून हातात दिला. पुढचे तीन महिने कसे काढले ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. राजीनामा दिला एवढं तुम्हालाही माहीत आहे. मग बारा वर्षं लोकांच्या रानात निंदणी, मग शिवणकाम. आणि तुम्ही दर लग्नात टाळ्या घेत होतात.

मला तुमची लई लाज वाटते. तुम्हाला नियम येतो एवढाच तुमचा तोरा, आणि तो नियम कशासाठी आहे हे तुम्हाला छत्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही म्हणून तुम्ही मोठे. शिवशंकर सरांनी माझा अर्ज निदान वाचला तरी. खणात टाकला पण वाचून टाकला. तुम्ही त्यांच्याही खालचे निघालात.

आईचा अर्ज सोबत जोडून पुढं पाठवला आहे. शिफारस आहे. वसतिगृहाचा शिक्का मारलेला नाही, कारण तो सरकारी आहे आणि हे घरचं आहे.

लुंबिनी

———

लातूर
२४ सप्टेंबर २०२४

लुंबिनी,

ह्या पत्राला क्रमांक घातलेला नाही. आवक रजिस्टर मी मामीला चुलीत घालायला दिलं. तिनं घातलं नाही, म्हणाली आता गॅस आहे.

अर्ज वाचला. दोन्ही पानं. नंतर परत वाचला. अक्षर विशाखाचं आहे, मीच तिला गिरवायला शिकवलं होतं. तिला कान्याचा दांडा वाकडा काढायची खोड होती, मी पट्टीनं मारायचो. सगळ्या अर्जात एकही काना वाकडा नाही. भावाच्या टेबलावर जाणार म्हणून तिनं जपून लिहिलं असणार. आणि मी चार बोटं बघून परत केला.

मामी इतकंच म्हणाली, "छत्तीस वर्षं तुम्ही कागदाचं कपाळच बघितलं, तोंड बघितलंच न्हाई." मी तिला काय कळतं म्हणून लिहिलं होतं. ते वाक्य तू फाडून टाक.

आता जे सांगतो ते नीट वाच, कारण हे मी नोकरीत असताना कुणालाही सांगितलं नाही. तू विचारलं होतंस, ज्याच्याविषयी तक्रार त्याच्याच हातून ती पुढं कशी जायची. मी लिहिलं, असले प्रश्न कामचुकार विचारतात. खोटं लिहिलं. ह्याचं उत्तर आहे आणि ते प्रत्येक जुन्या कारकुनाला पाठ असतं. अर्जाच्या दोन प्रती करायच्या. एक "थ्रू प्रॉपर चॅनल" म्हणून मधल्या साहेबाकडं द्यायची. दुसरीच्या माथ्यावर "ॲडव्हान्स कॉपी" लिहायचं आणि ती त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं थेट वर पाठवायची. वरच्याला ती परत करता येत नाही. त्याला मधल्याकडं विचारावंच लागतं, मूळ अर्ज कुठं आहे. मग खण आपोआप उघडतो. मधल्यानं पोच दिली नाही तर त्यालाही रजिस्टरच करायचं, पोस्टाची पावती हीच पोच.

तीन शब्द बरोबर वापरायचे तर त्यांच्या जोडीला हे दोन लागतात. मला हे १९८५ सालापासून माहीत आहे. विशाखाचा कागद आला तेव्हाही माहीत होतं. तिच्या अर्जावर मी नुसतं पेन्सिलीनं ॲडव्हान्स कॉपी लिहिलं असतं तरी तो कागद त्या साहेबाकडं न जाता वर गेला असता. दोन शब्द. कुणाला सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर लोक माझ्या टेबलाला विचारत बसले नसते. लोक हात जोडून उभे राहिले की मला बरं वाटायचं. इतकाच माणूस आहे मी, आणि ह्याच्यावर मी चाळीस लग्नांत भाषणं केली. तू लाज वाटते म्हणून लिहिलंस, ते पुरत नाही.

तुझा अर्ज मी नव्यानं लिहून सोबत पाठवला आहे, दोन प्रतींत. ह्या वेळी तुझा सगळा वाचून मग लिहिला. पोत्यांचं आणि पायवाटेचं पहिल्या ओळीत घेतलं आहे, म्हणजे वरची ओळ बघून परत करणारा माझ्यासारखा कुणी असला तरी त्याला ते वाचावंच लागेल. सुकन्याचं नाव घातलेलं नाही, तिला त्रास नको. तू फक्त सही कर. नोटिशीचं उत्तरही सोबत आहे.

आणखी एक पाकीट आहे. ते विशाखासाठी. मला तिला सरळ लिहायचा हक्क राहिलेला नाही, म्हणून वर "मार्फत, लुंबिनी" लिहिलं आहे. तू मधली आहेस. पुढं पाठवायचं, खणात टाकायचं की फाडायचं, हे तुझ्या हातात आहे. पोच मागत नाही.

तुझ्या ६ तारखेच्या पत्रात संदर्भ क्रमांक नव्हता. राहू दे. जुनी खोड आहे.

नरसिंग

———

बिलोली
१४ नोव्हेंबर २०२४

मामा,
जयभीम.

उत्तराला उशीर केला, मुद्दाम केला. पाकीट खणात ठेवून बघितलं, कसं वाटतं ते. महिनाभर छान वाटलं.

आधी दारांचं. तुमच्या दोन्ही प्रती ३० सप्टेंबरला गेल्या. एक सरांना रजिस्टर, दुसरी ॲडव्हान्स कॉपी म्हणून थेट वर. ८ ऑक्टोबरला प्रकल्प अधिकारी स्वतः आले, न सांगता. बाई आहेत, वयानं माझ्याएवढ्याच. सर चहाचं सांगून राहिले होते, त्या सरळ न्हाणीघराकडं गेल्या, पोतं बाजूला करून आत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, ते पोतं सोडा. मी सोडलं. वारं होतंच. दोन मिनिटं त्या आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा सरांना एकच विचारलं, मूळ अर्ज कुठं आहे. सरांना खिशातली किल्ली सापडेना. शेवटी खण उघडला तर माझे दोन्ही अर्ज, हातात दिलेला आणि रजिस्टरनं आलेला, निघाले, आणि माझ्या आधीच्या अधीक्षिकेचे तीन निघाले. त्याच दारांचे. त्या बाईंनी नोकरी का सोडली हे आम्हाला आजवर कळलं नव्हतं.

२१ ऑक्टोबरपर्यंत आठही दारं लागली. पत्र्याची आहेत, करकरतात, पण आतून कडी आहे. माझी नोटीस मागं घेतली. सर आता मला लुंबिनीबाई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात, तोंड वाकडं करून. मी त्यांच्याशी नुसती पोच घेऊन बोलते. त्यांना ते झोंबतं आणि झोंबू दे.

दिवाळीच्या सुट्टीत सुकन्याच्या गावाला जाऊन आले. बाप म्हणाला, आधी दार बघतो. काल मला फोन करायला तो मुद्दाम किनवटला गेला होता. म्हणाला, शाळा उघडली की पोरीला घेऊन येतो, कडी मी सोता लावून बघणार. बघा म्हणाले.

आता तुमच्या पाकिटाचं. मधल्या माणसाचं काम मी केलं, वाचून मगच पुढं दिलं. तुम्हाला राग आला तर येऊ दे. १० तारखेला, रविवारी, आई मशीनवर बसली होती तेव्हा तिच्यासमोर ठेवलं. तिनं पाकिटावरचं "मार्फत, लुंबिनी" वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मग पाकीट फोडलं, घडी उघडली, वरची ओळ वाचली आणि परत घडी घातली.

मी म्हणाले, अग आई, चार पानं आहेत, पुढं वाच.

ती म्हणाली, "त्यानं वाचलं होतं का?"

मग मला म्हणाली, तुझ्याकडं लाल पेन असंल तर दे. मी तपासणीचा दिला. तिनं मशीनच्या फळीवर तुमचं पत्र ठेवलं, आणि लई वेळ लावून, एकेक अक्षर जपून, वरच्या चार बोटांत शेरा लिहिला. कान्याचा एकही दांडा वाकडा नाही, मी बघितलं.

पत्र सोबत परत पाठवत आहे. लातूरहून बिलोलीला कोणती गाडी येते ते तुम्ही बघून घ्या, नांदेडला नोकरी केलीत. रविवारी ती घरीच असते.

लुंबिनी

सोबत: तुमचं पत्र, खालील शेऱ्यासह.

"वरची ओळ वाचली. पुढं वाचलेलं नाही. भावानं बहिणीला असलं टपालानं पाठवायचं नसतं. सबब परत. अर्जदारानं समक्ष येऊन, माझ्यासमोर बसून, शेवटपर्यंत वाचून दाखवावा. — विशाखा, १०/११/२०२४"